परदेशात जाताना डॉलर, युरो, थाई बाथ कुठून आणि किती घ्यायचे

व्हिसा आला, तिकिटं झाली, बॅगेत किती किलो चिवडा बसतो यावरून घरात भांडणंही झाली, आणि निघायला दोन दिवस राहिले की मग कोणाला तरी आठवतं, अरे पैसे बदलून घ्यायचे राहिलेत. मग काय, एअरपोर्टवर बघू. हे एवढं एक करू नका. मी काही वर्षं पुण्यात फॉरेक्सच्या, म्हणजे परकीय चलनाच्या, काउंटरवर बसलेली आहे, आता ते काम सोडलं तरी नातेवाईक आणि त्यांचे शेजारी अजून मलाच फोन करतात, आणि सगळ्यांचा प्रश्न एकच असतो, "आज डॉलर काय रेट चाललाय?" हा प्रश्नच अर्धवट आहे. विचारायचं असं की मला १००० युरो पाहिजेत, सगळं धरून माझ्या खात्यातून एकूण किती रुपये जाणार. तो एक आकडा घ्या, तीन ठिकाणचा घ्या, आणि मगच ठरवा. बाकीचं सगळं या एका प्रश्नाला धरूनच आहे.

तर आधी रेटचं समजून घेऊ. गुगलवर दिसतो तो बँका आपापसात मोठे सौदे करतात तो रेट, तो तुम्हाआम्हाला मिळत नाही, त्यामुळे काउंटरवर जाऊन मोबाईल दाखवून "गुगलवर तर कमी आहे" म्हणण्यात काही अर्थ नाही. पण तो बघून जायचा मात्र नक्की, कारण दुकानदार त्याच्यावर किती चढवतोय ते त्याच्याशिवाय कळणार नाही. दुकानातल्या बोर्डवर दोन रकाने असतात, बाय आणि सेल. दोन्ही दुकानदाराच्या बाजूने लिहिलेले असतात, म्हणजे तो तुमच्याकडून घेणार तो बाय आणि तुम्हाला विकणार तो सेल. जाताना तुमच्या कामाचा सेल, परत आल्यावर उरलेले द्यायला बाय. लोक फोनवर "डॉलरचा रेट सांगा" म्हणतात, पलीकडचा माणूस चुकून किंवा मुद्दाम बाय सांगतो, आणि मग दुकानात गेल्यावर वाद. आणि अजून एक, नोटांचा रेट वेगळा आणि फॉरेक्स कार्डवर (म्हणजे आधीच परकीय चलन भरून ठेवायचं कार्ड) भरायचा रेट वेगळा असतो. नोटा प्रत्यक्ष आणाव्या लागतात, सांभाळाव्या लागतात, इन्शुरन्स असतो, म्हणून नोटा जरा महाग. कार्डचा रेट थोडा कमी.

आता उदाहरण घेऊ. हिशोबाला सोपं जावं म्हणून गुगलवर युरो १०० रुपये आहे असं धरू. एक दुकान म्हणतं १०२.५०, वर वेगळा चार्ज काही नाही. दुसरं म्हणतं १०१.८०, आणि खाली बारीक अक्षरात प्रोसेसिंग आणि डिलिव्हरी मिळून ९०० रुपये. ऐकायला दुसरं स्वस्त. १००० युरोला पहिल्याकडे १,०२,५०० आणि चलन बदलण्यावरचा जीएसटी साधारण १८२, म्हणजे १,०२,६८२. दुसऱ्याकडे १,०१,८०० अधिक जीएसटी साधारण १८२ अधिक ते ९०० आणि त्या ९०० वर १८ टक्के जीएसटी म्हणजे १६२, झाले १,०३,०४४. स्वस्त वाटणारा साडेतीनशेहून जास्तीने महाग पडला. म्हणून म्हणते, रेट नका विचारू, एकूण विचारा.

तो १८२ कुठून आला ते पण सांगते कारण बिलावर बघून लोक दचकतात. चलन बदलण्यावर जीएसटी सगळ्या रकमेवर १८ टक्के नसतो, घाबरू नका. एक लाखापर्यंतच्या व्यवहारात रकमेच्या १ टक्का ही सेवेची किंमत धरतात आणि त्याच्यावर १८ टक्के, म्हणजे लाखाला १८० रुपये, आणि व्यवहार कितीही छोटा असला तरी कमीत कमी ४५ रुपये. एक लाख ते दहा लाख या टप्प्यात १८० रुपये अधिक लाखाच्या वरच्या रकमेवर ०.०९ टक्के. म्हणजे दोन लाखांचं चलन घेतलं तर २७० रुपये. हा सरकारी कर आहे, सगळीकडे सारखाच, त्याच्यात घासाघीस होत नाही. मार्जिनमध्ये, म्हणजे दुकानदार रेटवर जे चढवतो त्यात, होते, आणि करायलाच पाहिजे. मंडईत जुडीमागे पाच रुपयांसाठी भांडणारे लोक फॉरेक्सच्या काचेसमोर एकदम गप्प होतात, एसी असतो म्हणून की काय माहीत नाही. "दुसरीकडे एवढ्याला मिळतंय, तुम्ही किती कराल" एवढं म्हटलं तरी दहा-वीस पैसे सहज खाली येतात, आणि २००० युरो घेणार असाल तर वीस पैसे म्हणजे ४०० रुपये झाले की.

कुठून घ्यायचे

तुमची स्वतःची बँक हा पहिला विचार येतो पण प्रत्येक शाखेत नोटा नसतात, बऱ्याच शाखांना वरून मागवाव्या लागतात आणि त्यात दोन-तीन दिवस जातात. बँकेचं फॉरेक्स कार्ड मात्र ऑनलाइन पटकन होतं. नोटांसाठी लायसन्स असलेले मनी चेंजर बरे पडतात, मुंबईत फोर्टला, पुण्यात कॅम्पात एकाच भागात चार-पाच दुकानं असतात, एकाकडून निघून दुसऱ्याकडे जाता येतं आणि त्यांनाही ते माहीत असतं, त्यामुळे रेट जागेवर येतो. लहान गावात असं दुकान मिळेलच असं नाही, तेव्हा ऑनलाइन रेट बघून ऑर्डर करायची नाहीतर जवळच्या शहरातून जाताना घ्यायचे. गोव्यात किनाऱ्यालगत मनी चेंजरच्या पाट्या खूप दिसतात, पण त्यांचा जास्त धंदा परदेशी पाहुण्यांकडून चलन विकत घेण्याचा, तुम्हाला जे हवंय ते चलन आणि हव्या तेवढ्या नोटा त्यांच्याकडे आहेत का हे फोन करून मगच जा.

रिझर्व्ह बँकेच्या वेबसाइटवर परवाना असलेल्या मनी चेंजर्सची यादी असते, शंका आली तर तिथे नाव बघा. पावती न देणारा, "ओळखीतला आहे, रेट भारी देतो" असा माणूस असेल तर लांबूनच नमस्कार करा. फेमा या परकीय चलनाच्या कायद्याप्रमाणे परवाना नसलेल्याकडून चलन विकत घेणं बेकायदेशीर आहे आणि दंड रकमेच्या तिप्पट होऊ शकतो, वर नोट खोटी निघाली तर तक्रार कुठे करणार. इथे एक गंमत आहे, शेजारच्या काकांकडे ट्रिपहून उरलेले ३०० डॉलर आहेत आणि ते "घे ना, रुपये दे मला" म्हणतात, तर कायद्याने तेही चालत नाही, विकत घ्यायचे ते फक्त परवानावाल्याकडूनच. पण अमेरिकेतली बहीण इथे आली असताना भेट म्हणून १०० डॉलरच्या दोन नोटा देऊन गेली तर ते मात्र ठेवता येतं.

एअरपोर्टचं काय, तर इमिग्रेशनच्या अलीकडे-पलीकडे जे काउंटर असतात त्यांना जागेचं भाडं जबरदस्त असतं आणि समोरचा माणूस अडलेला असतो, दोन्ही गोष्टी रेटमध्ये येतात. अगदीच अडलात तर पन्नास-शंभर डॉलर घ्या, जास्त नको.

वार पण बघा. शनिवार-रविवारी बाजार बंद असतो, सोमवारी रेट कुठे उघडेल ते दुकानदाराला माहीत नसतं म्हणून तो जरा जास्त मार्जिन धरून बसतो. कामाच्या दिवशी दुपारपर्यंत घेतलेलं बरं. बरेच जण थोडे पैसे भरून रेट ब्लॉक करून देतात, म्हणजे आजचा रेट पक्का, बाकीचे पैसे ठरलेल्या मुदतीत भरायचे. रुपया अजून घसरेल का वाढेल याची भविष्यवाणी मात्र मला विचारू नका, काउंटरवर बसून रोज रेट बघूनसुद्धा आम्हाला कोणाला ते कधी जमलं नाही. फार चिंता असेल तर अर्धे आज घ्या, अर्धे दोन आठवड्यांनी घ्या, आणि मग बघायचंच सोडून द्या. १००० युरोला रुपयाचा फरक म्हणजे हजार रुपये, त्यासाठी महिनाभर झोप घालवायची गरज नाही.

कागदपत्रं आणि नियम, थोडक्यात

पासपोर्ट, पॅन, तिकीट, आणि व्हिसा लागत असेल तर व्हिसा. ए-टू नावाचा एक फॉर्म भरून सही करायची, तो दुकानातच मिळतो किंवा ऑनलाइन असतो. प्रवासाच्या ६० दिवस आधीपासून चलन घेता येतं, त्याच्या आधी नाही. रोख रुपये देऊन घ्यायचे असतील तर ५०,००० च्या आतच, आणि हे एका दुकानापुरतं नाही तर त्या एका प्रवासापुरतं आहे, म्हणजे आज इथे ४५ आणि उद्या तिथे ४५ असली हुशारी करायची नाही. त्याच्या वर गेलं की चेक, ट्रान्सफर, डेबिट कार्ड असं काहीतरी, आणि शक्यतो ज्याच्या नावावर चलन घेताय त्याच्याच खात्यातून, नाहीतर दुकानवाला परत पाठवतो.

प्रत्येक माणसाला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंतची मुभा आहे, एलआरएस म्हणतात त्या स्कीमखाली, फिरायला जाणाऱ्याला ती पुरून उरते. खरी मर्यादा लागते ती नोटांची. एका प्रवासाला एका माणसाला ३००० डॉलर किंवा तेवढ्या किमतीच्या दुसऱ्या चलनाच्या नोटा, त्याच्या वरचं कार्डवर घ्यायचं. ही मुभा माणशी आहे आणि मुलांनाही आहे, मुलांच्या फॉर्मवर आईवडिलांची सही लागते, पण म्हणून चौघांचे १२ हजार डॉलर रोख नेऊ नका हो, कशाला तो जीवाला घोर. इराक आणि लिबियाला ही मर्यादा ५००० आहे, आणि इराण, रशिया आणि रशियाच्या बाजूचे जुने सोव्हिएत देश यांना वेगळी सूट आहे. रशियाचं तर लक्षातच ठेवा, मार्च २०२२ पासून आपल्याकडची व्हिसा-मास्टरकार्ड तिथे चालत नाहीत, त्यामुळे तिकडे मुलगा शिकायला असेल आणि भेटायला जाणार असाल तर नोटांवरच भिस्त आहे.

आता टीसीएस, म्हणजे चलन विकतानाच कापून घेतात तो आयकर, ज्याची व्हॉट्सअॅपवर फार भीती पसरलेली आहे. फिरायला जाणाऱ्याने चलन घेतलं तर एका आर्थिक वर्षात एका पॅनवर दहा लाख रुपयांपर्यंत काही कापत नाहीत, त्याच्या वरच्या रकमेवर २० टक्के. एप्रिल २०२५ च्या आधी ही सीमा सात लाख होती. जे कापतात तेही तुमच्याच पॅनवर जमा होतं आणि रिटर्न भरताना वळतं करून मिळतं. टूर कंपनीच्या पॅकेजवरचा टीसीएस वेगळ्या हिशोबाने लागतो, तो त्यांच्या बिलात दिसेल, त्याची आणि याची गल्लत करू नका.

नेपाळ आणि भूतानला यातलं काही लागू नाही. तिथे जायला परकीय चलन मिळतच नाही, आपला रुपयाच चालतो. भूतानचा न्गुलत्रुम रुपयाला रुपया, आणि नेपाळचा शंभराला एकशे साठ.

नोटा किती, कार्ड किती

इथे लोक दोन टोकं करतात. आमच्या वडिलांच्या पिढीतले सगळं रोख, आतल्या खिशात, खिशाला वरून सेफ्टी पिन, आणि म्युझियममध्ये अर्धा वेळ छातीवर हात. आणि पंचविशीतली मुलं एकही नोट न घेता, फोन आहे ना म्हणून. दोन्ही नको. माझं सरळ म्हणणं आहे की नोटा देशाप्रमाणे ठरवायच्या आणि बाकीचं दोन वेगवेगळ्या कार्डांवर ठेवायचं, दोन वेगळ्या लोकांच्या पाकिटात.

कार्डांमधला फरक नीट समजून घ्या कारण इथेच हजारो रुपये जातात. नेहमीचं क्रेडिट कार्ड परदेशात वापरलं की साधारण साडेतीन टक्के मार्कअप (बँक रेटवर चढवते ते) आणि त्या मार्कअपवर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ४.१३ टक्के. वरच्या उदाहरणात १००० युरो खर्च केले तर १,०४,१३० रुपये, म्हणजे दोन्ही दुकानांपेक्षा महाग. मार्कअप २ टक्के असलेलं कार्ड असेल तर १,०२,३६०. आणि शून्य मार्कअपची कार्डं हल्ली काही बँका देतात त्याच्यावर जवळजवळ १,००,००० च पडतात. तर ट्रिप ठरली की सगळ्यात आधी घरातली सगळी कार्डं काढा आणि प्रत्येकाचा फॉरेक्स मार्कअप बँकेच्या साइटवर बघा, कधीकधी ड्रॉवरमध्ये पडलेलं एखादं कार्ड सगळ्यात स्वस्त निघतं. क्रेडिट कार्डवर परदेशात केलेला खर्च सध्या त्या एलआरएसच्या आणि टीसीएसच्या हिशोबातही धरत नाहीत. पण क्रेडिट कार्डने एटीएममधून कॅश काढू नका, कधीच नाही, वेगळा चार्ज आणि पहिल्या दिवसापासून व्याज.

फॉरेक्स कार्ड म्हणजे आधी पैसे भरलेलं कार्ड, ज्या दिवशी भरलं त्या दिवसाचा रेट पक्का, नंतर रुपया पडला तरी तुम्हाला फरक नाही. मुलं शिकायला जात असतील किंवा बजेट काटेकोर असेल तर छान. हरवलं तर अॅपवरून बंद करता येतं. पण एक खाच आहे. कार्डवर युरो आहेत आणि तुम्ही स्वित्झर्लंडमध्ये फ्रँकमध्ये पैसे दिले किंवा प्रागमध्ये कोरुना दिले तर क्रॉस करन्सी चार्ज लागतो, तीन-साडेतीन टक्के सहज. युरोपची टूर म्हणजे सगळीकडे युरो असं धरून चालतात लोक, व्हिसा एक असला तरी चलन एक नाही. स्विस फ्रँक वेगळा, चेक कोरुना वेगळा, हंगेरीचा फोरिंट वेगळा. या देशांसाठी शून्य किंवा कमी मार्कअपचं क्रेडिट कार्ड पुढे करा. अजून एक, हॉटेलचं डिपॉझिट आणि भाड्याची गाडी यासाठी फॉरेक्स कार्ड देऊ नका, ते रक्कम अडकवून ठेवतात आणि सुटायला कित्येक दिवस लागतात, तुमचेच खर्चायचे पैसे अडकून बसतात. तिथे क्रेडिट कार्ड.

डेबिट-क्रेडिट कार्डांचा परदेशातला वापर बँकेकडून बंदच असतो, तो अॅपमध्ये जाऊन चालू करावा लागतो आणि लिमिट पण ठरवावं लागतं. हे इथे घरी बसून करा. तिकडे पोचल्यावर ओटीपी येत नाही, सिम चालत नाही, आणि मग चुलतभावाला रात्री दोनला फोन. चार आकडी पिन पाठ करून जा.

आता या पूर्ण लेखातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, हे एवढंच वाचलं तरी चालेल. परदेशात दुकानात कार्ड टॅप केलं की मशीन विचारतं, युरोमध्ये द्यायचे का रुपयांमध्ये? आपल्या ओळखीचा रुपया दिसला की बरं वाटतं आणि बोट तिकडे जातं. तसं करायचं नाही. कायम त्या देशाच्या चलनात. रुपये निवडले की दर तो दुकानदार आणि त्याची मशीन कंपनी ठरवते, त्यात पाच-सहा टक्के, कधी त्याहून जास्त चढवलेले असतात, आणि वर आपली बँकही वेगळा चार्ज लावू शकते. म्हणजे शून्य मार्कअपचं कार्ड काढून जे वाचवलं ते सगळं एका बटणात गेलं. एटीएमही असंच विचारतं, जरा गुंतवून विचारतं, "या दराने पुढे जायचं का" वगैरे, घाबरवल्यासारखं करतं, तरी नाही म्हणायचं, विदाऊट कन्व्हर्जनवाला पर्याय निवडायचा, पैसे तरीही येतात. वेटर कधीकधी तुम्हाला न विचारता स्वतःच रुपये दाबून मशीन पुढे करतो. स्क्रीन बघा, रुपयाचं चिन्ह दिसलं तर पिन टाकायच्या आधीच परत करायला सांगा, हसून सांगा पण सांगा.

यूपीआय पण आता काही ठिकाणी चालतं, भूतान, नेपाळ, श्रीलंका, मॉरिशस, सिंगापूर, यूएई, फ्रान्समध्येही काही ठिकाणी (पॅरिसला आयफेल टॉवरचं तिकीट काढता येतं म्हणून फेब्रुवारी २०२४ मध्ये बरीच बातमी झाली होती). अॅपमध्ये इंटरनॅशनल पर्याय चालू करावा लागतो. चाललं तर मजा, पण ते धरून पैसे कमी नेऊ नका.

देशागणिक

पश्चिम युरोप आणि इंग्लंडला जवळजवळ सगळं टॅपवर चालतं, टूरबरोबर जाणाऱ्या चौघांना तीनशे-चारशे युरो (इंग्लंडला तेवढ्याचे पौंड) रोख पुष्कळ झाले, त्यात टूर मॅनेजरच्या टिपा आल्या, आणि हो, टॉयलेटचे सुट्टे. तिकडे हायवेवर, स्टेशनवर बाथरूमला अर्धा-एक युरो द्यावा लागतो, आणि आजीला घाई लागलेली असताना खिशात ५० ची नोट असून काही उपयोग नसतो. म्हणून इथून घेताना ५, १०, २० च्या नोटा मागा. २०० आणि ५०० च्या युरो नोटा कोणी देत असेल तर घेऊ नका, छोटी दुकानं हातात धरत नाहीत. ५०० ची तर २०१९ पासून नव्याने चलनात आणायचीही बंद झाली आहे. प्रागला रस्त्यावरच्या काउंटरवर "शून्य कमिशन" मोठ्या अक्षरात असतं आणि रेट असा की रडू येईल, पण तिथे २०१९ पासून कायदा आहे, १००० युरोपर्यंतचा व्यवहार तीन तासांच्या आत पावती दाखवून रद्द करता येतो. पावती टाकू नका.

थायलंडला बाथ इथेही मिळतात पण मार्जिन जास्त असतं. गणित असं करा, समजा डॉलर इथे ९० ला मिळतोय आणि बँकॉकच्या काउंटरवर डॉलरला ३२ बाथ मिळतात, म्हणजे बाथ पडला २.८१ ला. पुण्यातला दुकानदार बाथ २.९५ सांगत असेल तर डॉलर न्या, २.८३ म्हणत असेल तर इथूनच बाथ घ्या, एक कटकट कमी. डॉलर नेणार असाल तर १०० च्याच नोटा, कारण तिथे १०० च्या नोटेला वेगळा जास्त रेट आणि १०-२० च्या नोटेला कमी रेट असतो. सुवर्णभूमी विमानतळावर बाहेर पडताना समोर दिसतात त्या काउंटरवर बदलू नका, खाली तळमजल्याखाली शहरात जाणाऱ्या ट्रेनच्या स्टेशनजवळ जे काउंटर आहेत तिथे रेट बराच चांगला असतो. आणि तिकडचं एटीएम दर वेळी दोनशेच्या वर बाथ चार्ज घेतं, म्हणून थोडे थोडे काढण्यात नुकसान आहे.

व्हिएतनामचा डाँग इथे सहसा मिळत नाही, डॉलर न्यायचे आणि तिथल्या बँकेत किंवा परवाना असलेल्या काउंटरवर बदलायचे. तिथे २० हजाराची आणि ५ लाखाची नोट दोन्ही निळ्या असतात, रात्रीच्या टॅक्सीत एकीच्या जागी दुसरी गेली की पंचवीस पट गेले. ५ लाखाच्या वेगळ्या कप्प्यात ठेवा. बालीत रस्त्यावर सगळ्यांपेक्षा भारी रेटची पाटी दिसली तर समजून जा, तिथे मोजताना बोटांची जादू होते, नोटांचा गठ्ठा मोठा असतो आणि शेवटच्या क्षणी दोन-चार नोटा टेबलामागे जातात. शेवटची मोजणी तुमच्या हाताने आणि मग परत त्याच्या हातात गठ्ठा द्यायचा नाही. जपानला येन थोडे इथून न्या, बाकी तिथे सेव्हन-इलेव्हनच्या एटीएममध्ये आपली कार्डं चालतात. दुबईला दिरहम इथे सहज मिळतात, दिरहम डॉलरला बांधलेला आहे, ३.६७२५ ला एक डॉलर, त्यामुळे कुठलंही न्या फार फरक पडत नाही, इथे दिरहमचा रेट गुणिले ३.६७ करून डॉलरच्या रेटशी ताडून बघा आणि स्वस्त ते घ्या.

नोटा हातात घेताना

दुकानातच मोजा, काउंटर सोडायच्या आधी. डॉलरच्या नोटेवर पेनाची रेघ, शिक्का, फाटलेली कड, टेपचा तुकडा असेल तर तिथल्या तिथे बदलून मागा. आपल्याकडे चालून जाईल पण बाहेर, विशेषतः आग्नेय आशियात, अशी नोट परत करतात किंवा कमी पैसे देतात. १०० डॉलरची निळ्या पट्टीची नवी नोट ऑक्टोबर २०१३ पासूनची आहे, तीच मागा. जुन्या, छोट्या चेहऱ्याच्या नोटा अमेरिकेत चालतात पण बाकीकडे वाद होतो. घरात कोणाचे जुने पौंड पडलेले असतील तर नेण्याआधी बघा, २० आणि ५० च्या कागदी नोटा सप्टेंबर २०२२ अखेर चलनातून गेल्या, आता प्लास्टिकच्याच दुकानात चालतात. कागदी असतील तर बँक ऑफ इंग्लंडकडून बदलून घ्यावं लागतं.

पैसे आणि कार्डं केबिन बॅगेत किंवा अंगावर, चेक-इनच्या बॅगेत लोणच्याच्या बरणीखाली नाही. पावतीचा फोटो काढून ठेवा. आणि परत आल्यावर एअरपोर्टहून घरी यायला रुपये लागतात हे कोणाच्या लक्षात राहत नाही, भारतीय रुपये माणशी २५ हजारांपर्यंत बरोबर नेता-आणता येतात, थोडे ठेवा.

परत आल्यावर

उरलेलं चलन परत आल्यापासून १८० दिवसांत परत करायचं असतं, पण २००० डॉलर किंवा तेवढ्या किमतीच्या नोटा पुढच्या वेळेसाठी घरी ठेवता येतात. पुढच्या वर्षी परत जायचं पक्कं असेल तर डॉलर-युरो ठेवा, विकून परत घेण्यात दोन्हीकडून मार्जिन जातं. बाथ, डाँग, इंडोनेशियाचा रुपिया असलं काही ठेवू नका, इथे त्याला बाय रेट फार वाईट मिळतो, डाँग तर घेतच नाहीत बहुतेक जण, तिथल्या एअरपोर्टवरच संपवा. नाणी कुठलाच मनी चेंजर घेत नाही, ती शेवटच्या दिवशी कॉफीत घालवा. विकायला जाताना मूळ खरेदीची पावती आणि पासपोर्ट न्या, शक्यतो जिथून घेतले तिथेच जा, आणि काहीजण खरेदीच्या वेळीच ठराविक दिवसांत परत घ्यायचा बरा रेट कबूल करतात, ते आधीच विचारून पावतीवर लिहून घेतलेलं असलं तर उत्तम. फॉरेक्स कार्डवर पैसे राहिले असतील तर बँकेत फॉर्म देऊन खात्यात वळते करून घ्या, बरीच कार्डं वापरात नसली की दर काही महिन्यांनी चार्ज कापत राहतात. आणि तेवढ्यातच अॅपमध्ये जाऊन बाकीच्या कार्डांचा इंटरनॅशनल वापर परत बंद करून टाका.